बोर्डन यायच्या आधीचं बडोदं

'बडोद्याची ग्रंथालय चळवळ १९१० मध्ये बोर्डनसाहेबांनी अमेरिकेतून आणली' हे तुमच्या ग्रंथालयांवरच्या लेखातलं वाक्य मला खटकलं. सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं आणि त्यांनी व्यवस्था बसवली, हे खरंच. पण त्याआधीच बडोदा संस्थानातले शिक्षक मोतीभाई अमीन गावोगाव मित्रमंडळाची वाचनालयं काढत होते. त्यांचं नाव लेखात एकदाही येऊ नये? पुढच्या योजनेतही आधी गावाने वर्गणी जमवायची, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायत (जिल्ह्याची पंचायत) आणि तेवढीच सरकार घालणार, अशी रीत होती. म्हणजे पहिला पैसा गावकऱ्यांचाच. इंग्लंडात तरी वेगळं काय झालं? लंडनची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, म्हणजे कारागिरांच्या शिक्षणाची संस्था, १८२३ ची, त्यांच्याच वर्गणीवर चाललेली. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला त्यानंतर, १८५० मध्ये.

माझे बाबा इथे बडोद्यातच एका कापड गिरणीत होते. पहिली पाळी सुटली की सायकल थेट मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीकडे. शिक्षण चौथीपर्यंत, पण मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, आणि कपाळाला कापसाची तूस तशीच चिकटलेली असायची. मी लहानपणी त्यांच्यासोबत जायचे. तिथली लोखंडी मांडणी आणि जाड काचेची जमीन अजून डोळ्यांसमोर आहे. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली पावलांची सावली सरकताना दिसायची. बाबांसारखे वाचक होते म्हणून त्या काचेवर पावलं उमटत राहिली. त्यांच्याबद्दलही लिहा ना, पुढच्या भागात.