‘अ‍ॅपवाले ड्रायव्हर स्वतःचे मालक’? मग आयडी कोण बंद करतं?

जळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अ‍ॅपवर रिक्षा चालवणारे स्वतःचे मालक. गाडी त्यांची, वेळ त्यांची. एका कंपनीला बांधलेले नाहीत. कामगार कायदा लावला तर धंदाच बसेल.’ दोन वर्षं मी अ‍ॅपवर रिक्षा चालवली आहे, म्हणून उत्तर देतो.

मालक भाडं स्वतः ठरवतो. इथे मे महिन्यात स्टेशनबाहेर उभं राहा. सीट तव्यासारखी तापलेली, हँडलला रुमाल गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. राईड आली की काही सेकंदांत घ्यायची किंवा सोडायची. मी चालवत होतो तेव्हा भाडं कंपनी ठरवायची, कमिशनही तीच कापायची. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पोराची आयडी, म्हणजे अ‍ॅपवरचं खातं, एका तक्रारीवरून बंद झाली. ‘मनी आयडी बंद पडी गयी भो,’ एवढंच तो बोलला. तक्रार कोणाची, कसली, कोणी सांगितलं नाही. रिक्षाचा हप्ता मात्र चालूच होता.

वेळ आपली असते, हे खरं. पण गाडी स्वतःची आणि वेळ स्वतःची असूनही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या ड्रायव्हरांना किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क असलेले कामगार मानलं. उबर तिथे आजही चालते. धंदा बसला नाही.

‘एका कंपनीला बांधलेले नाहीत’ याचं उत्तर तर आपल्या दाणा बाजारात आहे. हमाल सकाळी एका अडत्याची पोती वाहतो, दुपारी दुसऱ्याची. मग त्याचा मालक कोण? महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात यावर वाट काढली: माथाडी मंडळात नोंदणी करा, मजुरीवर व्यापाऱ्यांकडून ठरावीक टक्के लेव्ही घ्या, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि इतर लाभ द्या. पन्नासहून जास्त वर्षं झाली या कायद्याला. पोतं वाहणाऱ्याला जे जमलं ते प्रवासी वाहणाऱ्याला का नको?

‘आता नवीन कायद्याने सगळं मिळालं’ असंही कोणी खाली लिहिलंय. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, अ‍ॅप कंपन्यांना उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यावी लागेल, हे चांगलंच. पण ती संहिता गिग कामगाराला, म्हणजे अ‍ॅपवर असं काम करणाऱ्याला, मालक-नोकर नात्याबाहेरचाच धरते. किमान वेतन त्यात नाही.

कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यात कामगाराचं काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस आहे. शेजारच्या पोरासाठी मी तेवढंच मागतोय.