दोन लेग हवेतच, एक्स्ट्रा टाइम नको

नळ स्टॉपच्या कट्ट्यावर परवा वाद पेटवला तो आमच्या कोल्हापूरकरानं. "फुटबॉल वर्ल्ड कपचं तिकीट एकाच मॅचमध्ये ठरलं पाहिजे. आमच्या शाहू स्टेडियमवर फायनल हरलेल्याला परत बोलावतात काय? युरोपनं २०२२ पासून प्लेऑफच्या, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या लढती एकेका मॅचच्या केल्या, ब्येस केलं."

मी म्हटलं, अरे, त्यात फायनल कुणाच्या घरी हे चिठ्ठी काढून ठरतं! चार वर्षांची मेहनत आणि शेवटी चिठ्ठी?

"२०१७ ला दोन लेग होतेच की भावा, एक मॅच आपल्या घरी, एक त्यांच्या. स्वीडननं घरी १-० मारलं, इटलीच्या मिलानमध्ये ०-० धरून ठेवलं. इटली गेलीच ना बाहेर?"

गेली, १९५८ नंतर पहिल्यांदाच गेली. पण १८० मिनिटांत, त्यातली निम्मी स्वतःच्या लोकांसमोर, एकही गोल होत नसेल तर बोलायला जागाच उरत नाही. मला दोन लेग आवडतात ते यासाठीच. २००५ आठवा. उरुग्वेनं माँटेव्हिडिओत ऑस्ट्रेलियाला १-० नं हरवलं आणि चारच दिवसांनी सुमारे १२ हजार किलोमीटरवर सिडनीत दुसरा लेग. तिथं ऑस्ट्रेलियाच्या ब्रेशियानोनं गोल करून बरोबरी साधली. मग शूटआउट, म्हणजे पाच-पाच पेनल्टींवर निकाल. ऑस्ट्रेलियाचा गोलकीपर श्वार्झरनं दोन पेनल्टी अडवल्या, त्यांच्याच विडुकानं एक बाहेर घालवली आणि शेवटी अलोइसीनं मारली. १९७४ नंतर ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कपला! बरं, याच उरुग्वेनं २००१ मध्ये मेलबर्नला ०-१ हरून घरी ३-० नं उट्टं काढलं होतं. दोन्ही वेळा पहिला लेग हरलेला संघ पुढे गेला. एका मॅचमध्ये हे कुठून आणणार?

अण्णा इतका वेळ चहा घेत गप्प होते. "१९९७ चं बोला की. तेहरानला इराण-ऑस्ट्रेलिया १-१. मेलबर्नला ऑस्ट्रेलिया २-० नं पुढे, ८५ हजार माणूस नाचतंय आणि शेवटच्या वीस मिनिटांत इराणच्या बाघेरी आणि अझीझीचे दोन गोल. एकूण ३-३, तरी इराण आत. एकही मॅच न हरता संघ बाहेर. हा तुमचा न्याय?"

अहो अण्णा, तो दोष दोन लेगचा नाही, अवे गोलच्या नियमाचा: एकूण बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे. युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, २०२१ मध्ये आपल्या क्लब स्पर्धांतून तो काढलाच, आणि उत्तम केलं.

"काढला खरा," आमचा वकील म्हणाला, "पण त्यानं दुसरा अन्याय वाढला. बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम, म्हणजे जादा ३० मिनिटं, कुठं? दुसऱ्या लेगच्या यजमानाकडे. म्हणजे एकाला घरी ९० मिनिटं, दुसऱ्याला १२०. आधी निदान पाहुण्याला त्या ३० मिनिटांत अवे गोलचा आधार होता."

हा मुद्दा बिनतोड होता. पण त्यावरही तोड आहे: १८० मिनिटं संपली की थेट पेनल्टी. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या कोपा लिबर्टाडोरेसच्या बाद फेरीत दोन लेगच्या लढतीत तेच करतात.

"पेनल्टीपण यजमानाच्याच घरी की," कोल्हापूरकर.

आहेतच. पण पाच फटके आणि जादा अर्धा तास यांत फार फरक आहे. २००९ चं आयर्लंड बघ. डब्लिनला फ्रान्सकडून ०-१ हरले, पॅरिसला रॉबी कीननं बरोबरी केली. ९० मिनिटं झाली तेव्हा एकूण १-१. तिथंच शूटआउट घेतला असता तर १०३व्या मिनिटाचा फ्रान्सच्या गॅलासचा तो गोल झालाच नसता, आणि त्याआधी हाताला लागलेल्या बॉलसाठी ऑन्रीला आजवर कुणी बोल लावला नसता.

"तरी एकच मॅच," कोल्हापूरकर गाडीला किक मारत म्हणाला.