भावोजींचा तक्ता आणि अष्टमीची भरती

रत्नागिरीत ज्याचं घर आहे, त्याचे डिसेंबर आणि मे हे दोन महिने त्याचे नसतात. ते पुण्याचे, ठाण्याचे, कोल्हापूरचे असतात. दिवाळीचा फराळ संपला की फोन सुरू होतात. आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी, मग "तिकडे थंडी पडली का रे?" (पडत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं), आणि लगेच मुद्दा: "तुझ्याकडेच तळ ठोकू म्हणतोय. सकाळी गाडी काढायची, रोज एकेक बाजू करायची, रात्री घरी जेवायला."

यंदाचा मान भावोजींचा होता. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नाला पाव शतक होत आलं तरी आईच्या लेखी ते अजून नवे जावई आहेत, आणि जावयाचा शब्द आमच्या घरात खाली पडत नाही. त्यांनी येण्याआधीच व्हॉट्सॲपवर एक एक्सेलचा तक्ता पाठवला. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. पहिला दिवस हिरवा होता: ७.०० प्रस्थान. ७.३५ आरे-वारे, फोटो, दहा मिनिटं. ८.०० गणपतीपुळे. ९.०० मालगुंड, केशवसुत स्मारक. १०.०० जयगड किल्ला. ११.०० फेरीबोट. १२.०० हेदवी, बामणघळ. १.०० जेवण. २.०० वेळणेश्वर. ३.०० गुहागर. ६.०० परत आरे-वारे, सूर्यास्त. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: 'वेळ उरल्यास थिबा पॅलेस.'

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं मिळाली माणसाला. त्याचा राजवाडा भावोजी उरलेल्या वेळात बघणार होते.

"भावोजी, जरा जास्त होतंय का?" मी फोनवर म्हटलं.

"अरे, अंतरं बघ ना! हेदवी नकाशावर अगदी समोर आहे."

समोर आहे हे खरंच. कोकणात सगळंच समोर असतं. सह्याद्रीत उगवलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना किनारा कापून एक खाडी करून ठेवते. सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला, काजळीची आमच्या भाट्याला, मुचकुंदीची पूर्णगडला, वाघोटणची विजयदुर्गला. जयगडच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं तवसाळ दिसतं, तिथल्या माडांच्या झावळ्यासुद्धा दिसतात. पण फेरीबोट चुकली आणि गाडी रस्त्याने न्यायची ठरवलीत, तर महामार्गाच्या बाजूला वळसा मारून येईपर्यंत जेवणाची वेळ टळते. पुण्याहून नकाशा बघताना खाडी म्हणजे एक निळी रेघ असते. त्या रेघेला फेरीबोटीचं तिकीट लागतं, आणि मुख्य म्हणजे रांग लागते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे आणि आईला त्यात फक्त तिथी दिसते. तिथीचे पाऊणपट तास केले की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी पार वरपर्यंत चढतं. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती, येते नि जाते, कुणाला पत्ता लागत नाही. बामणघळ म्हणजे हेदवीच्या किनाऱ्यावरच्या कातळातली एक अरुंद चीर. भरतीला लाट त्यात घुसते आणि पाण्याचा फवारा उंच उडतो. हे दृश्य बघायला भावोजी पुण्याहून आले होते.

आदल्या रात्री आईने पोळ्या लाटता लाटता तक्ता ऐकून घेतला.

"उद्या अष्टमी ना? म्हणजे बाराला पार ओहोटी. बामणघळीत काय बघणार, दगड?"

"आई, आपण थोडं लवकर पोचलो तर?" भावोजींनी विचारलं.

आईने फक्त पोळी उलटली.

सातचं प्रस्थान साडेनवाला झालं. याची कारणं लिहीत नाही, ज्यांच्या घरी एक न्हाणीघर आणि पाहुणे असतात त्यांना ती तोंडपाठ आहेत. गाडी भावोजींची, सात माणसांची, पण किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. "रस्ते तुझ्या पायाखालचे." बायकोने "मला नाही सुट्टी मिळत हो" असं इतक्या प्रसन्न चेहऱ्याने सांगितलं की मला तिचा हेवा वाटला. पुढे भावोजी, मधे आई, ताई आणि भाची, मागे भाचा. भाच्याला गाडी लागते. त्याच्या एका खिशात आवळासुपारी, दुसऱ्यात आमसूल आणि हातात प्लास्टिकची पिशवी. त्याला मागे बसवू नका, असं मी दोनदा म्हटलं. "मागे एसी चांगला लागतो," ताई म्हणाली.

आरे-वारेला किनारी रस्त्याने जायचं, त्यात वाद नाही. महामार्गावरून निवळीमार्गे गणपतीपुळे जवळपास दुप्पट लांब पडतं. वळण घेत वर चढलं की खाली दोन्ही किनारे एकदम उघडतात, मधे सुरूचं बन. दहा मिनिटांच्या फोटोंना चाळीस मिनिटं गेली, कारण तिथे प्रत्येकाला प्रत्येकाबरोबर आणि मग सगळ्यांना मिळून हवा असतो. गणपतीपुळ्याला देवळाची रांग पार बाहेर आलेली. भावोजींनी तिथल्या तिथे तक्ता बदलला: दर्शन येताना.

मालगुंडच्या पुढे रस्ता अरुंद झाला. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला उतरत गेलेली कलमांची बाग, आणि वळणावर समोर लाल एसटी. एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला नाही, हॉर्नही नाही. त्याने नुसती खिडकीतून दोन बोटं बाहेर काढून मागे दाखवली. मी गाडी मागे घेऊ लागलो. भावोजी खाली उतरून "ये, ये, ये" करू लागले. त्यांच्या "ये"चा अर्थ अजून जागा आहे असा होता की आता बस कर असा, हे गडग्याला आरसा टेकल्यावर कळलं. मागच्या सीटवरून पिशवीचा आवाज आला. एसटी आमच्या दाराला जेमतेम चार बोटं राखून गेली आणि जाता जाता कंडक्टरने खाली वाकून विचारलं, "पाहुणं कुठलं?"

"पुण्याचे," आईने उत्तर दिलं, जणू त्याने तिलाच विचारलं होतं.

जयगडचा किल्ला बाहेरूनच पाहिला. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट खाडीच्या मधोमध होती. फेरीबोट नेहमी आत्ताच सुटलेली असते. रांगेत उभं राहून मी हेदवीच्या खानावळीत फोन लावला, कारण कोकणात भूक लागल्यावर जेवण शोधायचं नसतं, आदल्या दिवशी भूक लागणार आहे हे कळवायचं असतं.

"पानं किती?" काकूंनी विचारलं.

"सहा."

"मासे खाणारे?"

"चार. आणि मोदक मिळतील का?"

"मोदक काल सांगायचे. दीडच्या आत या. नंतर मी आडवी होते."

आम्ही पावणेतीनला पोचलो. काकू आडव्या झालेल्या होत्या. दार अर्धं लोटलेलं, आत पंखा चालू. भावोजी घड्याळ दाखवून फेरीबोटीची रांग समजावू लागले, पण दारातून उत्तर येईना. मग आई पुढे झाली. "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" आतून गावाचं नाव आलं. आईने त्या गावातली एक आत्येसासू काढली, काकूंनी त्या आत्येसासूची नणंद काढली, आणि ती नणंद आमच्या चुलत घराण्यात दिलेली निघाली. पाच मिनिटांत चूल पेटली. बांगडे, भात, सोलकढी, आणि आईच्या नात्याला मान म्हणून वाटीभर घट्ट दही. "मोदक मात्र काल सांगायचे होतेत," काकू वाढता वाढता पुन्हा म्हणाल्या.

बामणघळीत पाणी तळाशी डुचमळत होतं. भावोजींनी अर्धा तास मोबाइल व्हिडिओवर धरून ठेवला. एकदा खरंच थोडा फवारा उडाला, गुडघ्याएवढा. "बघा!" ते ओरडले. भाची म्हणाली, "बाबा, व्हिडिओ चालूच केला नव्हता तुम्ही."

वेळणेश्वरला गर्दी जमली होती. ओहोटीच्या मोकळ्या वाळूवर कुणीतरी भारीपैकी गाडी अगदी पाण्याजवळ नेऊन लावली होती, फोटोला. दुपारपासून पाणी चढत होतं आणि आता गाडीची मागची चाकं अर्धी वाळूत गेली होती. मालक ॲक्सिलरेटर दाबत होता, त्यासरशी चाकं अजून खोल जात होती. हे किनाऱ्यावर दर मोसमात होतं. गावातला एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला, पण त्याने घाई केली नाही. आधी मालकाला उतरवलं, मग टायरमधली हवा कमी केली, फावड्याने चाकांपुढची वाळू ओढली, दोर बांधला, आणि एवढं झाल्यावर समुद्राकडे बघून म्हणाला, "आज भांग हाय म्हणून वाचलात. अमावस नाय." अष्टमीचा हा एवढा एकच उपयोग त्या दिवशी झाला.

भावोजींनी मला हळूच विचारलं, "आपणही जरा पुढे नेणार होतो ना गाडी?"

"तुम्ही म्हणत होता," मी म्हटलं.

गुहागर राहिलं. तवसाळच्या धक्क्यावर परतीच्या रांगेत आमच्या पुढे चिऱ्याचा एक डंपर, मागे दोन मोटारसायकली. तिथेच सूर्य खाडीच्या तोंडावर टेकला. भाची, भाचा, ताई, डंपरचा ड्रायव्हर, सगळे बघत उभे. भावोजी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला रेंज शोधत होते. तक्त्यात सूर्यास्त आरे-वारेला होता, त्यामुळे हा त्यांनी धरला नाही.

खाडी ओलांडली आणि गाडीतले सगळे एकेक करून झोपले. भावोजींची मान खिडकीला. गणपतीपुळ्याच्या फाट्यावर मी वेग कमी केला, तर मागून आई म्हणाली, "उठवू नकोस कुणाला." तिने तिथूनच हात जोडले.

सकाळी चहाला बसलो तेव्हा भावोजी तक्त्यात हिरव्या खुणा करत होते. गणपतीपुळ्यापुढेही खूण होती.

"दर्शन कुठे झालं?" मी विचारलं.

"आईंनी हात जोडले ना? मग झालं."

दुसरा दिवस निळा होता: भाट्ये, पावस, गणेशगुळे, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवरे, विजयदुर्ग. विजयदुर्ग दुसऱ्या जिल्ह्यात आहे हे मी बोललो नाही. तक्त्याच्या डोक्यावर मात्र एक नवी ओळ आली होती: 'नवमी. भरती पावणेसात.' तिच्या खाली 'प्रस्थान ७.००.' घड्याळात सव्वानऊ झाले होते आणि न्हाणीघरात भाची शिरून वीस मिनिटं झाली होती.