‘साभार: इंटरनेट’ लिहिलं म्हणून फोटो तुमचा होत नाही

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकच विचारतात, “दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?” नदीपात्रातल्या या मूर्तीच्या गळ्यापर्यंत पाणी आलं होतं तेव्हाचा फोटो मी होळकर पुलावरून काढला आणि दोन-तीन ग्रुपवर टाकला. आठवड्याभरात तो शुभेच्छांच्या एका फ्लेक्सवर दिसला. कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं, खाली ‘साभार: इंटरनेट’. विचारायला गेलो तर फ्लेक्सवाल्याने मोबाइलवर सगळीकडे फिरणारा फॉरवर्डच दाखवला: नोंदणी नसेल तर कॉपीराइट नाही, 30 टक्के बदल केला की काम आपलं, साभार लिहिलं की झालं, आणि पैसे कमावले नाहीत तर गुन्हा नाही.

नोंदणीचं सोपं आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात ती ऐच्छिक आहे. कविता वहीत उतरली, फोटो निघाला, की हक्क आलाच. नोंदणीचा कागद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडतो, इतकंच.

30 टक्के कायद्यात कुठेच नाहीत. (मोजणार कोण, आणि कशाने?) नाटकावरून सिनेमा उचलल्याच्या आर. जी. आनंद खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर कुणाचा मक्ता नाही, हक्क असतो तो मांडणीवर. दोन्ही कामं पाहणाऱ्याला दुसरं पहिल्याची नक्कल वाटतं का, हे बघायचं. म्हणजे मारुती माझा नाही, पूर तर नाहीच. उद्या त्याच कठड्याला टेकून कुणीही फोटो काढावा, मी कोण अडवणारा? पण माझाच फोटो उचलून आभाळ भगवं केलं, तर तो माझाच राहतो.

साभाराबद्दल काय बोलावं! इंटरनेट नावाचा फोटोग्राफर मला तरी भेटलेला नाही. खरं नाव लिहिलं तरी श्रेय वेगळं, परवानगी वेगळी. 27 फेब्रुवारीला आपण सगळे कुसुमाग्रजांच्या कविता टाकतो. ते 1999 साली गेले. हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2059 अखेरपर्यंत आहे. समीक्षेत चार ओळी घ्यायला कायद्याची हरकत नाही. अख्खी कविता दुकानाच्या कॅलेंडरवर छापायची तर विचारावं लागतं.

पैसे न कमावल्याने शिक्षा कमी होऊ शकते, उल्लंघन पुसलं जात नाही.

एक गोष्ट मात्र आम्हा फोटोवाल्यांना आवडत नाही, तरी खरी आहे: गिऱ्हाइकाने पैसे देऊन फोटो काढून घेतले, उदाहरणार्थ लग्नाचे, तर वेगळा करार नसल्यास हक्क त्याचा. फ्लेक्सवाल्याने मला छदामही दिला नव्हता.