गच्चीवर वाळवलेल्या मातीवर पाया ठरवू नका

परवा मामेभावाने फोटो पाठवला. गच्चीवर गोणपाट, त्यावर काळ्या मातीचे गोळे वाळत घातलेले. खाली ओळ: "दादा, आठ दिवसांत दगड झाली बघ. बोअरचे पैसे वाचले." बोअर म्हणजे माती तपासायला जमिनीत भोक पाडून नमुने काढणं. त्याचा प्लॉट खाडीकाठी, खाजणात. हे त्याला शिकवलं महिनाभर ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजने: काळी माती म्हणजे सेंद्रिय (कुजका पालापाचोळा मिसळलेली), वास आला तर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचाच थर), उन्हात कडक झाली तर पायाला चालते, नाही झाली तर वर तीन फूट मुरूम टाका. मातीच्या चाचण्या करण्यात माझी वर्षं गेलीत. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी वाळवण्याचं बोलतो, कारण घर खचवणारा मुद्दा तोच. कुठलीही चिकणमाती उन्हात कडक होते, गणपतीची शाडूसुद्धा. पण प्लॉटखालची माती भरतीच्या पाण्यात बसली आहे, ती कधी वाळणार नाही. आणि सेंद्रिय माती वाळवली की तिचा गुणच बदलतो. पुन्हा भिजवली तरी तो पुरता परत येत नाही. तिची ओळख ठरते तीच मुळी यावरून. आयएस १४९८, १९७० चं भारतीय मानक, उघडून बघा. लिक्विड लिमिट, म्हणजे किती टक्के पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते तो आकडा, एकदा न वाळवलेल्या मातीवर काढायची, एकदा ओव्हनमध्ये वाळवून. दुसरा आकडा पहिल्याच्या पाऊणपटीखाली गेला तर माती नक्की सेंद्रिय. समजा आधी ८० आला आणि नंतर ५५. ८० ची पाऊणपट ६०, म्हणजे निकाल लागला. ओला असताना लोण्यासारखा पसरणारा गोळा ओव्हनमधून काढून, कुटून पुन्हा कालवला की भुसभुशीत लागतो, हे हाताला कळतं. म्हणजे मेसेज सांगतो ती कृती केली, तर ज्या नमुन्यावरून दोष पकडायचा तोच आपण हाताने बिघडवतो.

पीट खरोखर सुकलं की काय होतं, ते इंग्लंडच्या होम फेनमध्ये दिसतं. १८५१ च्या सुमारास तिथल्या तळ्याचं पाणी काढलं आणि पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत लोखंडी खांब ठोकला, माथा जमिनीबरोबर. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे. खांब जागेवरच आहे, जमीन खाली गेली.

काळी म्हणजे सेंद्रिय, हेही चूक. देशावरची काळी रेगूर बेसॉल्टची. तिच्यात सेंद्रिय भाग बहुधा टक्काभरही नसतो. तिचा त्रास फुगण्या-आकसण्याचा, त्याचे उपाय निराळे.

वासाचं मात्र थोडं मान्य करावं लागेल. मानकातही रंग, वास, स्पंजसारखा स्पर्श आणि तंतू यांवरून पीट ओळखायला सांगितलंय. पण वास सेंद्रिय चिकणमातीलाही येतो. अमेरिकन एएसटीएम पद्धतीत नमुना जाळल्यावर राख २५ टक्क्यांहून कमी उरली तरच त्याला पीट म्हणतात. पीट किती कुजलंय हे ठरवायची स्वीडनच्या फॉन पोस्ट यांची रीत तर मुठीची: ओलं पीट पिळायचं. स्वच्छ पाणी निघालं तर एच-१, म्हणजे न कुजलेलं; सगळा लगदाच बोटांतून निसटला तर एच-१०, म्हणजे पुरतं कुजलेलं. कोकणच्या खाजणात बहुतेक वेळा निघते ती सागरी चिकणमाती, कमीअधिक सेंद्रिय भाग असलेली. तिला सरसकट पीट म्हणून चालत नाही.

मुरमाचं थोडक्यात. तीन फूट दाबलेला मुरूम म्हणजे चौरस मीटरला दीड टनाहून जास्त वजन. घरातल्या खोलीसाठी धरतात तो वापराचा भार चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. म्हणजे घर उभं राहण्याआधीच मऊ मातीवर त्याच्या सातपटीहून जास्त ओझं आलं, आणि ती त्याखाली वर्षानुवर्षं दबत राहते.

तेव्हा बाळा, ते गोळे टाकून दे. बोअर रद्द करू नकोस. नमुना निघाला की लगेच दोन पिशव्यांत घट्ट बांधायला सांग, सावलीत ठेव, आणि लॅबच्या चिठ्ठीवर लिहून घे: लिक्विड लिमिट दोनदा, वाळवण्याआधी आणि ओव्हननंतर.