दाऊदची गाडी आणि नेड केलीचं चिलखत

खेड तालुक्यातल्या मुंबके गावात जेमतेम १७० चौरस मीटरचा जमिनीचा तुकडा. राखीव किंमत १५,४४० रुपये. जानेवारी २०२४ च्या लिलावात तो २ कोटी १ लाखाला गेला, कारण ती जमीन दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाची होती. तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चिपळूणच्या मामेभावाने लिहिलं, "दादा, तुमच्या ऑस्ट्रेलियात असतं तर म्युझियम केलं असतं. आपल्याकडे नुसता तमाशा."

म्युझियम केलं असतं, हे खरं. त्यामागचं कौतुक मात्र मला पचत नाही.

इथे मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत नेड केली या एकोणिसाव्या शतकातल्या दरोडेखोराचं चिलखत काचेआड उभं आहे. बघायला पैसे पडत नाहीत. भारतातून पाहुणे आले की मीही त्यांना तिथे नेतोच. नांगराच्या लोखंडी पात्यांपासून ठोकून बनवलेलं, वजन ४४ किलोच्या आसपास, अंगावर गोळ्यांचे पोचे. जून १८८० मध्ये ग्लेनरोवनला पोलिसांनी वेढा घातला तेव्हा हे घालून तो समोर आला. पाय उघडे होते, पोलिसांनी तिथेच गोळ्या घातल्या. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी. आता त्या तुरुंगाचंही तिकीट आहे. ग्लेनरोवनमध्ये त्याचा भलामोठा पुतळा आहे, दुकानांत त्याच्या लोखंडी टोपाचे फ्रिज मॅग्नेट आहेत, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात तसलेच टोप घातलेले कलाकार नाचले होते.

गरीब आयरिश शेतकऱ्यांचा कैवारी, अशी त्याची एक प्रतिमा आहे आणि ती सगळीच खोटी नाही. पण ऑक्टोबर १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीकला त्याच्या टोळीने तीन पोलीस मारले. केनेडी, लोनिगन, स्कॅनलन. मॅन्सफिल्ड गावात त्यांचं स्मारक १८८० मध्येच झालं, तरी चिलखत बघून आलेल्या पाहुण्यांना यातलं एकही नाव सांगता येत नाही. जिथे ते पडले ती जागा कित्येक वर्षं केलीची जागा म्हणूनच बघितली जायची. पोलिसांच्या वंशजांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथली मांडणी बदलली आणि त्या तिघांना मुख्य जागा मिळाली. एकशे चाळीस वर्षं लागली. शिस्तीच्या देशात!

आता आपल्याकडचा तमाशा. २०१५ मध्ये दाऊदची हिरवी ह्युंदाई हिंदू महासभेच्या स्वामी चक्रपाणींनी ३२,००० रुपयांना घेतली आणि गाझियाबादला कॅमेऱ्यांसमोर जाळली. पुढे दाऊदचंच रौनक अफरोज हॉटेल घेऊन तिथे सार्वजनिक शौचालय बांधायची घोषणा झाली. २०१७ च्या लिलावात मात्र ते हॉटेल आणि आणखी दोन मालमत्ता मिळून ११ कोटी ५८ लाखांना सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने घेतल्या. भेंडी बाजाराचा पुनर्विकास करणारी ही संस्था. तिला जागा हवी होती, बातमी नको होती. या साऱ्या प्रकरणात मला शहाणपणाचा वाटलेला व्यवहार तेवढाच.

गाडी जाळणारा आणि चिलखताला काच लावणारा यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोघांच्याही खेळात नायक एकच, गुन्हेगार. अमेरिकेत तर टेनेसीतल्या एका खासगी म्युझियममध्ये टेड बंडी या सीरियल किलरची फोक्सवॅगन तिकीट लावून दाखवतात. त्यावर बोलण्यासारखं काही नाही, तो सरळ धंदा आहे.

मग मुंबकेत म्युझियम करावं का? माझं मत, नाही. वस्तू जपायच्याच असतील तर मेलेल्यांच्या बाजूने जपाव्यात. कुलाब्यात लिओपोल्ड कॅफेच्या भिंतीवर २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात. पर्यटक तिथे फोटो काढतात, बिअर पितात, मला ते थोडं खटकतंही. पण निदान ती भिंत मारणाऱ्याची नाही, मार खाल्लेल्या जागेची आहे. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली. दाऊदच्या गाडीचा रंग आपल्याला पाठ आहे. त्या २५७ मधलं एक नाव सांगा म्हटलं तर ग्रुपवर शांतता पसरेल, आणि त्यात मीही आलो.

सरकारने जप्त मालमत्ता विकू नये असं माझं म्हणणं नाही. विकावीच, मुकाट्याने, आणि येणारा पैसा त्या घरांकडे वळवावा. मामेभावाचा यावर सवाल आला, "एवढ्या वर्षांनी ती घरं शोधायची कुठून?" खटला याच मुंबईत चालला, मेलेल्यांची यादी सरकारदरबारी आहे. लिलावाची नोटीस काढणाऱ्यांनी ती मागवायची, इतकंच काम आहे.