खुलासा : मोठ्या शहरात स्कूलबस अटेंडंटची चंगळ?

‘मोठ्या शहरात महागाई जास्त, म्हणून स्कूलबस अटेंडंटला पगारही त्याच प्रमाणात मिळतो,’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. महागाईच्या मागोमाग पगार आपोआप वाढत नाही. किमान वेतन, कंत्राटाचा दर, माणसांची टंचाई यांवरही तो ठरतो. समजा, पगार २५ टक्के जास्त पण खर्च ४० टक्के जास्त, तर त्या पगारात सुमारे ११ टक्के कमीच सामान येतं.

शिवाय काम दोन तुकड्यांत. सकाळी पेंगुळलेल्या मुलाला हात धरून पायरी चढवायची, दुपारी शेवटच्या सीटखाली कुणी झोपून राहिलं नाही ना, ते वाकून बघायचं. एवढी जबाबदारी, आणि मधले तास अनेकदा बिनपगारी! घर लांब असलं तर त्या वेळात परतणंही परवडत नाही. तुलना करायचीच तर आधी घरभाडं वजा करा, पगारी तास मोजा.